वस्तूची जबानी

चैत्र सरत आला की कुंभारवाड्यातून नवा माठ आणावयाचा, हा आमच्या घरचा शिरस्ता होता आणि त्या खरेदीचा सगळा अखत्यार आजीकडे असे. कुंभाराने ओळीने मांडलेल्या माठांतून रंगाने किंवा घाटाने नजरेत भरेल तो माठ ती कधीच उचलीत नसे. एकेक माठ गळ्याशी धरून जमिनीपासून वीतभर वर घ्यावयाचा, कान किंचित त्याच्याकडे कलता करावयाचा आणि दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर वाकवून त्याच्या पोटावर, बुडाशी आणि काठाखाली हलके टोले द्यावयाचे, असा तिचा क्रम ठरलेला होता. माठाने ‘टण्ण’ असा लांबलेला जबाब दिला की तो बाजूला ठेवला जाई. ‘बद्द’ असे म्हणून तो तत्काळ मुका झाला की निमूटपणे परत रांगेत जाई. कुंभारही या निवाड्यावर कधी हुज्जत घालीत नसे. दामाविषयी घासाघीस होई, पण माठाने स्वतः दिलेल्या जबानीवर अपील नव्हते.

सराफाच्या पेढीवर रुपया दगडावर आपटून घेतला जाई तोही याच न्यायाने. चांदीचा रुपया खणखणत असे. शिशाची भेसळ असलेला रुपया दिसावयास कितीही चकचकीत असला तरी पडताक्षणी आपले पितळ उघडे करीत असे. ‘माणूस वाजवून घ्यावा’, ‘खणखणीत उत्तर’, ‘ठणठणीत प्रकृती’, ‘तिजोरीत खडखडाट’ हे आपल्या भाषेतील प्रयोग अशाच व्यवहारांच्या सहवासात वाढलेले आहेत. आजारातून उठलेल्या माणसाला आपण ‘आता ठणठणीत झालात’ असे म्हणतो, तेव्हा न तडकलेल्या भांड्याचा नाद आपण त्याच्या देहाला बहाल करीत असतो, याची आठवणही आपल्याला उरलेली नसते. दृष्टी वस्तूच्या पृष्ठभागापाशी अडते. तिच्या अंतरंगाची वार्ता बाहेर आणतो तो ध्वनी. शब्द, नाद, स्वर, आवाज, ध्वनी अशी कितीतरी नावे आपण या एका पदार्थाला दिली आणि प्रत्येक नावाला निराळा अर्थ चिकटवला. परंतु त्या साऱ्या अर्थांच्या मुळाशी, आत काय आहे ते बाहेर सांगणे, हे एकच कार्य मला दिसते.

हे कार्य घडते कसे? देवळातील काशाची घंटा वाजवून लगेच तिच्या काठाला बोटाचे टोक हलकेच लावून पाहावे. बोटाला मुंग्या आल्यासारखी थरथर जाणवते आणि सबंध पंजा टेकला की थरथर व नाद ही दोन्ही एकाच क्षणी थांबतात. घंटेचा काठ सेकंदाला शेकडो वेळा आतबाहेर होत असतो. बाहेर येताना तो शेजारच्या हवेला दाबतो, आत जाताना तिला विरळ करतो. दाबलेली हवा पुढच्या हवेला दाबते, ती तिच्या पुढच्या हवेला, आणि अशा रीतीने दाब व विरळपणा यांची मालिका चहू दिशांना धावत सुटते. हवेचा कण मात्र आपल्या जागेच्या आसपासच झुलतो. आग लागली असता विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते आणि बादल्या हातोहात पुढे जातात, माणसे जागच्या जागीच राहतात. तसाच हा प्रकार आहे.

हवा नसेल तर हा निरोप पोचणार नाही, हे रॉबर्ट बॉइल या अँग्लो-आयरिश शास्त्रज्ञाने १६६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले. काचेच्या भांड्यात दोऱ्याने घड्याळ टांगून त्याने पंपाने आतील हवा काढून घेतली. घड्याळ डोळ्यांना चालताना दिसत होते, पण त्याची टिकटिक क्षीण होत होत नाहीशी झाली. पुढे न्यूटनने हवेचा दाब आणि घनता यांवरून ध्वनीचा वेग गणिताने काढला तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरला. ही तूट एक शतकाहून अधिक काळ तशीच राहिली. दाबली जाणारी हवा क्षणभर तापते आणि ती उष्णता बाहेर निसटण्यास अवधीच मिळत नाही, त्यामुळे हवा अधिक ताठर होते, असा खुलासा करून फ्रेंच गणिती लाप्लासने अखेर हा हिशेब जुळवला. शून्य अंश तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर आहे, २० अंशांना ३४३ मीटर. पाण्यात तो चौपटीहून अधिक आणि पोलादात त्याहूनही कितीतरी जास्त असतो, कारण वेग ठरतो तो पदार्थाच्या ताठरपणावर आणि घनतेवर. वळवाच्या पावसात वीज चमकली की मनाशी सेकंद मोजावेत आणि दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरावा, म्हणजे ती किती दूर पडली ते कळते. मेघगर्जना दीर्घकाळ गडगडत राहते याचेही कारण हेच आहे. विजेचा लोळ कित्येक किलोमीटर लांब असतो आणि त्याच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी, दूरच्या टोकाचा नंतर आपल्यापर्यंत येत असतो.

आता माठाकडे परत येऊ. कोणत्याही वस्तूला टोला दिला की ती आपल्या प्रकृतीप्रमाणेच कंप पावते. ताठर व हलकी वस्तू जलद हलते, म्हणून तिचा स्वर उंच. जड व लवचीक वस्तू सावकाश हलते, म्हणून तिचा स्वर खाली. भाजणीत माती एकजीव झाली असेल तर कंपने माठाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे निर्वेध फिरत राहतात आणि नाद लांबतो. केसाएवढी चीर जरी मध्ये आली तरी तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, कंपनाची शक्ती त्या घर्षणात जिरून जाते आणि आवाज जागीच विझतो. आजी माठ जमिनीवरून उचलून वाजवीत असे, यातही मर्म होते. टेकलेल्या बुडातून कंपने जमिनीत उतरली असती आणि निर्दोष माठही मुका ठरला असता. ही सारी मीमांसा तिने कधी केली नाही, पण न्याय करण्यापूर्वी साक्षीदारावरचे दडपण दूर केले पाहिजे, एवढे तिला पक्के ठाऊक होते. गाडी स्थानकात उभी राहिली की लांब दांड्याच्या हातोड्याने एकेक चाक ठोकीत जाणारा रेल्वेचा माणूस पूर्वी नेहमी दिसे. तो नेमके हेच काम करीत असे. तडकलेल्या चाकाचा ‘ठण’ बिघडतो आणि तो बिघाड शेकडो उतारूंच्या जिवाचा प्रश्न असतो.

घरात याहून साधे एक प्रात्यक्षिक रोज घडत असते. नळाखाली उभी घागर लावून पाठमोरी कामाला लागलेली गृहिणी घागर भरत आली की न पाहता वळते आणि नळ बंद करते. पाणी चढू लागले की घागरीतील हवेचा स्तंभ आखूड होत जातो, आणि आखूड स्तंभाचा स्वर उंच असतो. सरळ उभ्या भांड्यात ३० सेंटिमीटर हवा शिल्लक असेल तेव्हा सेकंदाला सुमारे २८५ कंपनांचा स्वर निघतो, तीच हवा १० सेंटिमीटर उरली की तो ८५० च्या घरात जातो. याउलट जलतरंगाच्या वाटीत पाणी वाढवले की स्वर उतरतो. हा विरोध वरवरचा आहे. घागरीत हवा बोलते, वाटीत चिनी मातीची भिंत बोलते. पाण्याने हवेची जागा कमी केली की हवेचा स्वर चढतो, पाण्याने भिंतीवर भार टाकला की भिंत मंद हलते आणि तिचा स्वर उतरतो. कोणाची जबानी चालली आहे हे आधी ठरवल्याशिवाय तिचा अर्थ लावू नये, असे हे उदाहरण सांगते.

वैद्यकशास्त्राने ही विद्या एका खानावळवाल्याच्या मुलाकडून घेतली. ऑस्ट्रियातील ग्रात्स या गावी जन्मलेला लेओपोल्ड आउएनब्रुगर याच्या वडिलांची खानावळ होती, आणि पिंप वाजवून त्यातील मद्याची पातळी ओळखण्याची तेथील चाल त्याने लहानपणापासून पाहिली होती. पुढे व्हिएन्नामध्ये तो डॉक्टर झाला आणि रोग्याच्या छातीवर बोटांनी टोले देऊन फुप्फुसात हवा आहे की पाणी साचले आहे, हे ओळखण्याची पद्धत त्याने १७६१ साली एका छोट्या लॅटिन ग्रंथात मांडली. निरोगी छाती पोकळ वाजते, पाणी भरलेली छाती मांडीवर थाप मारल्यासारखी बद्द वाजते. त्याच्या हयातीत बहुतेकांनी या ग्रंथाकडे दुर्लक्षच केले. १८०८ साली कोर्व्हिसार या फ्रेंच वैद्याने त्याचे भाषांतर केले तेव्हा ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८१६ साली, लेनेक या दुसऱ्या फ्रेंच वैद्याने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. गर्भवतीच्या तपासणीत आज जी सोनोग्राफी होते ती याच घराण्यातील. मानवी कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला लाखो कंपनांचा ध्वनी देहात सोडावयाचा, तो तेथे सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, निरनिराळ्या ऊतींच्या सीमांवरून परततो, आणि परतीला लागलेल्या वेळावरून यंत्र आतले चित्र रेखाटते. जन्माला न आलेल्या मुलाचे पहिले दर्शन आईला अशा रीतीने प्रतिध्वनीच घडवतो.

खुद्द पृथ्वीचे पोटदेखील माणसाने वाजवूनच जाणले. कुदळ-फावड्याने किंवा वेधन-यंत्राने आपण तिच्या सालीत फारसे खोल जाऊ शकलेलो नाही. पण भूकंप हा तिला आपोआप बसणारा टोला होय, आणि त्याच्या प्राथमिक लहरी हवेतील ध्वनीप्रमाणेच दाब-विरळ अशा चालतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरी केलेला रिचर्ड ओल्डहॅम याने १८९७ च्या आसाम भूकंपाचा बारकाईने अभ्यास केला होता. पुढे १९०६ साली, पृथ्वीच्या मध्यातून पलीकडे निघणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, यावरून तिच्या पोटात निराळ्या द्रव्याचा गाभा असला पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. इंगे लेमान या डॅनिश विदुषीने १९३६ साली त्या गाभ्याच्या आत आणखी एक घट्ट गाभा असल्याचे दाखवून दिले. कुंभारवाड्यातील आजीचे बोट आणि लेमानबाईंचे गणित यांत अंतर पुष्कळ आहे, परंतु प्रश्न एकच होता.

आपल्या प्राचीनांनी ध्वनीकडे निराळ्या दारातून पाहिले. ‘गाय’ असे उच्चारले असता त्यात शब्द तो कोणता, असा प्रश्न पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच उपस्थित केला. शिंगे, खूर, वशिंड, शेपूट असलेला तो प्राणी म्हणजे शब्द नव्हे, त्याचा रंगही नव्हे. ज्याच्या उच्चाराने त्या प्राण्याची प्रतीती होते तो शब्द, असे एक उत्तर त्याने दिले. मग त्याला पर्याय म्हणून लोकव्यवहारातील अर्थही त्याने नमूद केला, आणि त्यासाठी दिलेले उदाहरण गलका करणाऱ्या मुलाचे आहे. आवाज या अर्थाने ‘शब्द’ आणि बोल या अर्थाने ‘शब्द’ असे दोन्ही अर्थ एवढ्या जुन्या काळी एकाच ओळीत उभे आहेत. मराठीत त्यांच्यात तिसऱ्याची भर पडली. आपण ‘शब्द देतो’ आणि ‘शब्द पाळतो’. म्हणजे हवेतील एक क्षणिक कंप हा करारनाम्याइतका बंधनकारक मानतो. ‘नाद’ या शब्दाचे भाग्य याहून विलक्षण आहे. संगीतात तो परमेश्वराच्या जागी आणि घरात मुलाला कसला ‘नाद लागला’ तर काळजीचा विषय. मात्र दोन्हीकडे सूचना तीच आहे, की नाद माणसाला आपल्याबरोबर ओढून नेतो. फारसीतून आलेला ‘आवाज’ आपण अन्यायाविरुद्ध ‘उठवतो’. संस्कृत ‘ध्वनी’ किंवा ‘नाद’ यांना ते काम आपण कधी सांगितले नाही.

ध्वनी कसा पसरतो याविषयी नैयायिकांनी दोन दृष्टान्त योजले होते. एक वीचीतरंगाचा, म्हणजे पाण्यात खडा टाकला असता एकामागून एक उठणाऱ्या लाटांचा. दुसरा कदंबमुकुलाचा, म्हणजे कदंबाच्या कळीतून सर्व बाजूंना एकदम केसर फुटतात त्याचा. मला दुसरा दृष्टान्त अधिक मार्मिक वाटतो, कारण पाण्यावरची लाट पृष्ठभागावरच वर्तुळाने जाते, तर ध्वनी वरखाली आणि चोहीकडे गोलाकार फुलतो. शब्द हा आकाशाचा गुण आहे, हे त्यांचे मत मात्र बॉइलच्या घड्याळापुढे टिकत नाही. तो नित्य की अनित्य, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक यांचा कज्जा तर शतकानुशतके चालला. काश्मिरात नवव्या शतकात आनंदवर्धनाने याच ‘ध्वनी’ शब्दाला काव्यशास्त्रात नेऊन बसवले. घंटेवर टोल पडल्यानंतर मागे जे अनुरणन रेंगाळत राहते, त्यासारखा वाच्यार्थ संपल्यावर मनात उमटत राहणारा अर्थ तो ध्वनी. टोल म्हणजे कवीचे शब्द आणि अनुरणन म्हणजे त्यांच्या आत दडलेले; येथेही आतले बाहेर सांगण्याचे काम ध्वनीकडेच आले.

त्याच काश्मिरातून एक वैद्यकुल दक्षिणेत आले आणि देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहिले. त्या कुलातील शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात सिंघण राजाच्या पदरी श्रीकरणाधिकारी होता. पुढील काळच्या भाषेत सांगावयाचे तर राज्याचा जमाखर्च पाहणारा फडणीस. दप्तराचा हिशेब ठेवता ठेवता त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि आहत व अनाहत असा नादाचा भेद सांगून आघाताने जन्मणाऱ्या आहत नादाचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मांडला. बावीस तारांच्या दोन वीणा घ्याव्यात, पहिली तार शक्य तितकी खाली लावावी, दुसरी तिच्यापेक्षा इतकीच चढवावी की दोहोंच्या मध्ये तिसरा नाद शिरू नये, असा क्रम त्याने बाविसाव्या तारेपर्यंत सांगितला. या त्या बावीस श्रुती. ‘मध्ये तिसरा नाद शिरू नये’ हे माप आज ऐकावयास ढोबळ वाटेल, परंतु कानापलीकडे दुसरे साधन नसलेल्या काळात याहून प्रामाणिक माप कोणते असू शकले असते?

त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी सांगलीला आणखी एका सरकारी अधिकाऱ्याने हेच दप्तर पुन्हा उघडले. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून निघणारे स्वर तारेच्या लांबीवरून मोजून घेतले आणि बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक १९१० साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यांच्या सर्वच निष्कर्षांना विद्वानांनी मान्यता दिली असे नाही. पण परंपरेने सांगितलेली गोष्ट गायकाच्या प्रत्यक्ष साक्षीने पडताळून पाहावयाची, ही त्यांची तजवीज मला फार मोलाची वाटते.

सांगलीशेजारच्या मिरजेत ज्याला एखादा तंबोरा तयार होताना पाहावयास मिळतो त्याला नादाचे मर्म पुस्तकांपेक्षा लवकर उमगते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवण्याचा उद्योग सुरू केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील मुलखात पिकणारा मोठा कडू भोपळा वाळवून आणावयाचा, त्याला लाकडी तबली व दांडी जोडावयाची, खुंट्या बसवावयाच्या, हे काम कित्येक आठवडे चालते. परंतु वाद्याला प्राण येतो तो अखेरच्या काही तासांत, जवारी काढताना. तारा ज्या घोडीवरून जातात तिची माथ्याची बाजू सपाट दिसली तरी सपाट नसते. तिला अत्यंत सूक्ष्म उतार असतो. कारागीर कानस दोन-चार वेळा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून तो केसाएवढा मागेपुढे करतो. इतका वेळ कोरडी, बोथट वाजणारी तार एका विशिष्ट जागी धागा येताच एकदम उघडते आणि तिच्यातून मधमाश्यांच्या मोहोळासारखा झंकार उसळू लागतो. धागा गव्हाच्या दाण्याइतका पुढे गेला की झंकार पुन्हा मिटतो.

या चमत्काराचा शास्त्रीय शोध चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी घेतला. प्रकाशावरील संशोधनाबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी कोलकात्यात ते वर्षानुवर्षे ध्वनीच्या मागे लागले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. कोणतीही तार मूळ स्वराबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर देते. मात्र तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूपाशी जे उपस्वर स्थिर असतात ते ऐकू येऊ नयेत, असा नियम युरोपात सिद्ध मानला गेला होता. तंबोरा व वीणा हा नियम मोडतात, असे रामन यांनी १९२१ साली नोंदवले. तार त्या उतरत्या घोडीवर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते, त्यामुळे तिची लांबी स्थिर राहतच नाही आणि जे उपस्वर गैरहजर असावयास हवेत तेही जोराने बोलू लागतात. म्हणूनच खर्जाची तार छेडली असता कोणत्याही तारेवर न लावलेला गांधार शांतपणे ऐकणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतो. तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा उपस्वर असतो. गवई त्याला ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात. तबल्याच्या शाईचेही रहस्य रामन यांनीच १९२० साली आपल्या सहकाऱ्यासह उलगडले. साध्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी विसंगत असतात, म्हणून ढोलाला निश्चित सूर नसतो. लोहचूर्ण आणि खळ यांच्या थरांनी मधोमध भार दिला की ते उपस्वर पूर्णांकांच्या प्रमाणात येतात आणि कातडे तारेसारखे सुरात बोलू लागते. ज्याने ही शाई प्रथम घोटली त्याचे नाव इतिहासात नाही. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

एवढी सगळी साक्ष ऐकणारा न्यायाधीश म्हणजे आपला कान, आणि त्याच्याविषयी लिहिताना माझे मन थोडे हळवे होते. कानाला जेमतेम जाणवणारा आवाज वातावरणाच्या दाबात जो फरक करतो तो त्या दाबाच्या पाचशे कोटींवा भाग असतो. त्या दाबाने पडदा हलतो ते अंतर अणूच्या व्यासापेक्षाही कमी असते. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून ते कंपन आत जाते. त्यांतील रिकीब हे सबंध देहातील सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. त्यापुढे शंखासारख्या वेटोळ्या नळीत सुमारे १५ हजार केशपेशी ओळीने बसलेल्या असतात, आणि सतारीच्या पडद्यांप्रमाणे प्रत्येकीचा प्रदेश ठरलेला असतो. उंच स्वर दाराशी, खालचे स्वर आत टोकाशी. पक्ष्यांच्या कानातील अशा पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. जन्मतः मिळालेल्या शिदोरीवरच आयुष्य काढावयाचे असते.

ही शिदोरी आपण कशी उधळतो आहोत ते सणासुदीच्या दिवसांत कोणत्याही शहरात दिसेल. कायद्याने वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सर्वसाधारण मनाई आहे. हे नियम २००० सालापासून अमलात आहेत. डेसिबलचे गणित फसवे असते. दर दहा डेसिबलांना ध्वनीची ऊर्जा दसपट होते, म्हणून ५५ आणि १०५ यांच्यातील फरक कागदावर पन्नासाचा दिसला तरी ऊर्जेत तो एक लाख पटींचा असतो. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे १०५ डेसिबल हा आकडा मुळीच अवघड नाही, आणि त्या पातळीला केशपेशी इजा पावण्यास काही मिनिटे पुरतात. मिरवणुकीला, ढोल-ताशाला, देवाच्या गजराला माझा विरोध नाही. त्या गजरातच मी वाढलो. पण त्या भिंतीपुढे वडिलांच्या खांद्यावर बसलेले दोन-तीन वर्षांचे मूल मी दरवर्षी पाहतो. त्याचे दोन्ही हात कानांवर असतात आणि बाप त्याचे हात सोडवून त्याला टाळ्या वाजवावयास शिकवीत असतो. वाचकांपैकी ज्या कोणाच्या खांद्यावर यंदा मूल असेल त्यांनी त्याचे हात कानांवर तसेच राहू द्यावेत आणि पाचपन्नास पावले मागे येऊन उभे राहावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.